माझा आवाज येतोय का?

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझा अ‍ॅम्प बंद पडला. त्या संध्याकाळी आम्ही एकूण सात गाणी वाजवली. म्हणजे उरलेली साडेचार गाणी मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या स्टेजवर केस उडवत, तारांवर बोटं आपटत, घाम गाळत चक्क मूकाभिनय केला. आणि कुणाला कळलं नाही! प्रेक्षकांना नाही, साउंडवाल्याला नाही, माझ्यापासून चार फुटांवर उभ्या असलेल्या दोन्ही गिटारिस्टना नाही. खाली उतरल्यावर आमच्या ड्रमरने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आज बास एकदम टाइट होता हं!"

मी काही बोललो नाही. गेटवर जाऊन वडापाव खाल्ला.

थोडी ओळख करून देतो. सोमवार ते शुक्रवार मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एक्सेलच्या रांगा-रकाने भरतो आणि दिवसातून किमान सहा वेळा कॉलवर "माझा आवाज येतोय का?" असं विचारतो. शनिवारी संध्याकाळी डोंबिवली पूर्वेच्या एका बेसमेंटमध्ये आमचा मेटल बँड जमतो. तिथे मी बास गिटार वाजवतो. तिथेही माझा प्रश्न तोच असतो. फरक इतकाच की कॉलवर लोक "हो हो, येतोय" असं म्हणतात.

बास गिटार म्हणजे काय, हे मला प्रत्येक लग्नसमारंभात समजावून सांगावं लागतं. "चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या का रे?" असं एका मावशीने विचारलं होतं, तेव्हापासून मी समजावणं सोडून दिलंय. ड्रम्स आणि गिटार यांच्या मधली जी जाड, खालची ओळ असते ना, ती मी. असेन तर जाणवत नाही, नसेन तर काहीतरी उणं वाटतं, असं बासवाल्यांबद्दल म्हणतात. त्या संध्याकाळी मी नव्हतो आणि कुणाला काही उणंही वाटलं नाही. खरं दुखणं ते होतं.

तशी मेटलमध्ये बासवाल्याचा आवाज गिळण्याची परंपरा जुनी आहे. मेटॅलिकाचा १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम काढून ऐका. बास शोधायला भिंग लागेल. जेसन न्यूस्टेडने बिचाऱ्याने वाजवलाय सगळा, पण मिक्सिंगमध्ये तो इतका खाली गेला की आजही लोक त्यावर वाद घालतात. उलट आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस. तो बासवाला, आणि बँडचा मालकही तोच म्हणा ना! फेब्रुवारी २००८ मध्ये मेडन बीकेसीत आले होते. आमच्या एका गिटारिस्टचा मोठा भाऊ तो शो बघून आला आणि आठवडाभर फक्त बासबद्दल बोलत होता, असं घरात सांगतात. मी तेव्हा शाळेत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मेटॅलिका बेंगळुरूला वाजवून गेले तेव्हा बारावी. "बारावीच्या वर्षात बेंगळुरू?" या एका वाक्यात तो विषय संपला होता.

तर, त्या कॉलेजच्या शोला आई-बाबा आले होते. पहिल्यांदाच. आईने कानात कापूस घालून, पदर सावरून सगळा कार्यक्रम पाहिला आणि "छान झालं हो, पण तो मुलगा एवढा ओरडत का होता?" असं विचारलं. बाबा काही बोलले नाहीत. बाबांना ऐकायला कमी येतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी ३१ वर्षं पॉवर प्रेसवर काढली. टीव्हीवरचे संवाद त्यांना धड समजत नाहीत, फोनची रिंग तर ऐकूच येत नाही. त्यामुळे त्यांचं मत विचारण्याचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते सहज म्हणाले, "मधे तू वाजवायचा थांबला होतास काय रे?"

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे आधी छातीत धमधम होत होतं," त्यांनी हात छातीवर ठेवून दाखवला, "मग गेलं ते. मला वाटलं, तुझं काम संपलं असेल."

हे गूढ वगैरे काही नाही. नंतर त्यांच्या कानाच्या तपासणीचा कागद काढून पाहिला. त्यावरची रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांना, बऱ्यापैकी सरळ चालते आणि ४००० हर्ट्झच्या आसपास कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. आवाजाने खराब झालेले कान असेच जातात, आधी वरचे सूर आणि मग हळूहळू बाकीचे. झांजा, गिटारचा चरचराट, शब्दांमधले 'स' आणि 'श' यातलं बाबांकडे फारसं काही पोचत नाही. पोचतो तो बास. अख्ख्या मैदानात माझा एकच श्रोता होता आणि त्याला वाटलं, माझं काम संपलं!

त्याच दिवशी ठरवलं, नवीन हेड घ्यायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पीकरचं खोकं वेगळं, त्याला कॅब म्हणतात. त्याच्यावर बसतो तो डबा म्हणजे हेड. गिटारमधून येणारा नाजूक सिग्नल तो मोठा करतो आणि स्पीकर हलवतो. माझ्याकडे दहा इंची चार स्पीकरची एक कॅब होती आणि तिच्यावर ३०० वॅट असं ठसठशीत लिहिलेलं एक स्वस्तातलं हेड. बजेट ३० हजार. हप्ते, घरखर्च आणि एका मित्राच्या लग्नाचा आहेर वजा जाता बोनसमधून उरलेली ही रक्कम. ती एसआयपीत टाकावी असं माझा सल्लागार, म्हणजे ऑफिसमधला शेजारचा टेबलवाला, कळकळीने सांगत होता.

पहिले दोन आठवडे मी तेच केलं जे सगळे करतात. वॅट मोजले. ३०० पुरत नाहीत ना, मग ५०० घेऊ. ५०० नाही तर ८००. मोबाइलचा कॅमेरा आपण मेगापिक्सेलवर घ्यायचो, तसंच. धोबीतलावला जाऊन आलो, लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली, प्रत्येक डब्याचं मागचं स्टिकर वाचलं. आणि वाचता वाचता थोडा अभ्यास झाला, तेव्हा लक्षात आलं की हा आकडा भलताच लबाड आहे.

बघा ना. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे "हं, थोडा मोठा झाला वाटतं," एवढाच. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट! ३०० चे ५०० करून पडणारा फरक सव्वादोन डेसिबलचा. मी त्यासाठी बोनस उधळायला निघालो होतो.

त्यात ओमची भानगड. स्टिकरवर '५०० वॅट' असं मोठ्या अक्षरांत असतं आणि '४ ओमला' असं मुंगीच्या अक्षरांत. माझी कॅब ८ ओमची. अशा एकाच कॅबला हेड जोडलं तर त्या ५०० चे अडीचशे-तीनशेच मिळतात. काही कंपन्या तर सलग किती वॅट देता येतात ते न छापता क्षणभराचा कमाल आकडा छापतात. घराच्या जाहिरातीत 'सुपर बिल्टअप' लिहितात ना, तोच प्रकार. घोडबंदर रोडला ज्यांनी फ्लॅट बघितलेत, त्यांना जास्त सांगायला नको.

पण गिटारवाल्यांचे अ‍ॅम्प ५० वॅटचे असून माझ्या ३०० ला कसे खाऊन टाकतात? याचं उत्तर कानात आहे. माणसाचा कान मधल्या आणि वरच्या सुरांना तिखट आणि खालच्या सुरांना एकदम मठ्ठ. बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. आम्ही मेटलवाले, म्हणून ती आणखी सैल सोडतो, ३१ पर्यंत. तिथे कानाला जाग आणायची म्हणजे गिटारच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणून मी काय करायचो? 'बास' लिहिलेला नॉब पूर्ण उजवीकडे! आपण बासवाले, नॉबवर बास लिहिलंय, अजून काय हवं? तो नॉब पूर्ण फिरवला की त्या सुरांना १२ डेसिबलच्या आसपास वाढ मिळते. म्हणजे तेवढ्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे सोळापट वॅटची मागणी. मे महिन्याची संध्याकाळ, मागे पडदा, हवा नाही. माझा अ‍ॅम्प बिघडला नव्हता. तापून, हात जोडून, स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला होता.

हे सगळं कळलं तरी हेड कुठलं घ्यायचं ते कळेना. बाबा एक दिवस म्हणाले, "अरे, तो आमचा कल्याणवाला आहे ना, साउंडचा धंदा करतो. त्याला जाऊन भेट." काका बाबांच्याच कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून आधी एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला लागले, मग त्याच पार्टीचा साउंड सांभाळायला लागले, आणि आता कल्याण पूर्वेला तिसगाव नाक्याच्या जवळ त्यांचं गोडाऊन आहे. गणपती, नवरात्र, हळदी, साखरपुडा, सगळं करतात. "दोन टॉप दोन बेस" पासून "आठ टॉप आठ बेस" पर्यंत. त्यांच्या भाषेत अ‍ॅम्पला 'मशीन' म्हणतात.

रविवारी सकाळी बास पाठीला लावून गेलो. काका स्टुलावर बसून एका स्पीकरची जळालेली कॉइल काढत होते. मी माझी वॅटची वही उघडली. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"बाळा, वॅट काय वाटून खायचे आहेत का?" ते म्हणाले. "लाव तुझं गिटार."

त्यांनी माझा बास त्यांच्या सिस्टीमला लावला आणि आधी फक्त खालचे बेस चालू ठेवले. मी वाजवायला लागलो. गोडाऊनचं शटर थरथरलं, कोपऱ्यातला पत्र्याचा डबा नाचत नाचत खाली पडला, समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर करून पाहिलं. मी खूश.

"काय वाजवलंस?" काकांनी विचारलं.

मी आमच्या गाण्याचं नाव सांगितलं.

"ते नाही. सूर कुठला होता?"

मी पुन्हा वाजवलं. खरंच, मलाच कळेना. सूर बदलला तरी सगळा एकच धडधडाट. मग त्यांनी बेस बंद करून नुसते टॉप चालू केले. आवाज एकदम बारीक झाला, पत्र्यासारखा, ऐकवेना. पण प्रत्येक सूर वेगळा, प्रत्येक बोट मोजून घ्यावं असं.

"बघ," काका म्हणाले, "जोर खाली असतो. शब्द वर असतात. तुम्ही लोक सगळा पैसा जोरावर घालवता आणि मग म्हणता ऐकू येत नाही."

मी नंतर पडताळून पाहिलं. ४१ हर्ट्झचा मूळ सूर छोट्या स्पीकरमधून नीट येत नसला तरी त्याच्या वरच्या पट्ट्या ऐकून मेंदू तो स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर आपल्याला गाण्यातला बास 'कळतो' तो असाच. गोंगाटात बासवाला सापडतो तो साधारण अडीचशे ते आठशे हर्ट्झच्या मधल्या घरात. मोटरहेडचा लेमी आयुष्यभर बास वाजवून बास आणि ट्रेबलचे नॉब शून्यावर ठेवायचा आणि मिड पूर्ण. मी ही गोष्ट कॉलेजात असताना वाचली होती आणि त्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिली होती. कल्याण पूर्वेला एका स्टुलावर बसून ती समजली.

मग खरेदीचे निकष बदलले. काकांनी एक गोष्ट आणखी डोक्यात भरली. हेडवर सगळे पैसे घालवू नकोस, दुसऱ्या कॅबसाठी राख. ८ ओमच्या दोन कॅब जोडल्या की ४ ओम होतात, हेड त्याचा पूर्ण जोर देऊ लागतं आणि हवा हलवणारे स्पीकरही दुप्पट होतात. तोच पैसा नुसत्या वॅटवर घालवला तर एकटी कॅब एवढी बदडली जाते की तिची कॉइल यांच्या स्टुलासमोर येऊन पडते.

आता उमेदवार. स्वप्नातलं स्थळ अर्थातच अँपेग एसव्हीटी. १९६९ सालची रचना, ३०० वॅट, सगळ्या व्हॉल्व्हवर. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी ते अमेरिकाभर फिरवलं आणि तेव्हापासून रॉकमधला बास म्हणजे तोच आवाज, असं समीकरण होऊन बसलं. किमतीचं सोडा, नुसतं हेड चाळीस किलोच्या घरात. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. फोटो पाहून नमस्कार केला.

दुसरं टोक म्हणजे हल्लीची 'क्लास डी' जातीची हेड. दोन-तीन किलो वजन, लॅपटॉपच्या बॅगेत मावतील अशी. ठाण्याच्या एका जॅमरूममध्ये त्यातलं एक वाजवून पाहिलं. चांगलं होतं. खरं सांगतो, ज्याला संध्याकाळी सहा चोवीसची लोकल पकडून प्रॅक्टिसला जायचंय, त्याने दुसरं काही बघूच नये. माझ्या पाठीला विचारलं असतं तर तिने तिथेच होकार दिला असता. पण नव्यातलं जे मला पसंत होतं, ते घेतल्यावर कॅबला काही उरत नव्हतं, आणि जे परवडत होतं, त्यात मिड सांभाळायला एकच नॉब होता. काकांचं म्हणणं वेगळं. "ते बिघडलं तर प्लेट बदलायची, रिपेर होत नाही. जुनं मशीन मी पण उघडतो."

तिसरा पर्याय काकांचाच. त्यांचं एक जुनं मशीन घ्यायचं, पुढे पेडलसारखी बासची छोटी प्रीअ‍ॅम्पची डबी लावायची, बेहरिंगरची बीडीआय २१ मिळते तसली, आणि झालं हेड तयार! भरपूर वॅट, पैसे निम्मे. मी जवळजवळ तयार झालो होतो. पण त्या मशीनचा पंखा एवढा आवाज करायचा की हळू भागात तोच ऐकू आला असता. मेटलमध्येही हळू भाग असतात, हसू नका.

शेवटी स्थळ जमलं ते ठाण्यात, राम मारुती रोडच्या मागच्या एका सोसायटीत. हार्टकी एचए ३५००. आपल्याकडे कॉलेज फेस्टपासून पबपर्यंत ज्यांनी बास वाजवलाय त्यांना हे हेड कुठे ना कुठे भेटलेलंच असतं. ४ ओमला ३५० वॅट, ८ ला २४०. फॅशनमधून गेलेलं, जड, दिसायला बँकेच्या जुन्या व्हीसीआरसारखं. पण समोर दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर! कुठला सूर किती वर-खाली करायचा ते पट्टी सरकवून ठरवता येतं. विकणारा माझ्याच वयाचा, कॅनडाला चालला होता. हॉलमध्ये अर्धवट भरलेल्या बॅगा, भिंतीवर बासच्या हुकाची रिकामी खूण. सोबत त्याची ८ ओमची कॅबही होती, माझ्यासारखीच दहा इंची चार स्पीकरवाली. दोन्हीचे मिळून त्याने ३४ सांगितले.

"माझ्याकडे ३० च आहेत," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "कुठे वाजवता तुम्ही?"

"डोंबिवलीला. मेटल."

"आमचा पण मेटलच होता," तो म्हणाला. "घे ३० ला. पट्टा पण घे." आणि त्याने बासचा चामडी पट्टा वरती ठेवून दिला. त्या 'होता'वर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

कॅब काकांच्या टेम्पोतून डोंबिवलीला गेली. त्यांचं ठाण्याला एका हळदीचं काम होतं, परतीच्या वाटेत टाकली. हेड मात्र मी हातातून नेलं. ठाणे स्टेशनच्या पुलावर दर शंभर पावलांनी हात बदलत, मालडब्यात चढलो. भाजीच्या टोपल्यांच्या मधे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय आहे? इन्व्हर्टर?" मी हो म्हणालो. डोंबिवली येईपर्यंत त्यांनी लोडशेडिंगचे जुने दिवस आठवून मला बरंच काही सांगितलं.

हेड आलं, कॅब आली. पण काम अर्धंच झालं होतं. उरलेलं अर्धं काम गिटारवाल्यांकडे होतं.

आमच्या दोघाही गिटारिस्टनी वर्षानुवर्षं एकच सेटिंग ठेवलंय. बास आठवर, मिड जवळजवळ शून्य, ट्रेबल आठवर. घरी एकट्याने वाजवताना हे भयंकर भारी वाटतं. बँडमध्ये काय होतं? त्यांच्या अ‍ॅम्पचा बास माझ्या घरात घुसून बसतो, आणि ज्या मधल्या खोलीत ते स्वतः राहायला हवेत ती रिकामी. मग ऐकू येत नाही म्हणून ते व्हॉल्यूम वाढवतात. मग ड्रमर आणखी जोरात हाणतो. मग मी. काकांचं नाव न घेता मी हे एका मिसळीच्या टेबलावर मांडलं. "तुम्ही दोघांनी बास चारवर आणा. मिड वाढवा." त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला जणू मी त्यांना केस कापायला सांगितलंय. एकजण म्हणाला, "मग मेटल कसं वाटणार?" दुसरा जास्त समंजस. म्हणाला, "एक शनिवार. नाही आवडलं तर परत."

एक गोष्ट मी स्वतःसाठी केली. कानात घालायचे संगीतवाल्यांचे प्लग घेतले. ८५ डेसिबलला कान आठ तास धरतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, १०० ला पोचेस्तोवर पंधरा मिनिटं उरतात, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं गणित आहे. आमचा ड्रमर एकटा १०० च्या वर सहज जातो. "आम्हाला पण कापूस द्यायचे कारखान्यात," बाबा एकदा म्हणाले होते. "कुणी घालायचं नाही. मशीनचा आवाज ऐकू नाही आला तर बोट जाईल अशी भीती." बोटं सगळी शाबूत आहेत त्यांची.

तर तो शनिवार. आमचं बेसमेंट म्हणजे वर गोडाऊन, भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. अंड्यांच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. ते फक्त खोलीतला कलकलाट जरा कमी करतात. आवाज थांबवते वजनदार भिंत, आणि आमच्या सुदैवाने आम्ही जमिनीच्या खाली आहोत. तरी साडेनऊला बंद करतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा नियम २००० सालापासून आहे. वरच्या आजोबांना तो पाठ आहे आणि त्यांच्या फोनमध्ये मीटर आहे.

दोन कॅब एकावर एक ठेवल्या. वरची कॅब माझ्या कानाच्या उंचीला आली. एवढ्या वर्षांत माझा स्पीकर माझ्या पोटरीला ऐकवत होता हे तेव्हा कळलं! बासचा नॉब मधोमध. ग्राफिकवर ५०० ची पट्टी थोडी वर, ३० ची पूर्ण खाली. एकट्याने वाजवून पाहिलं तर आवाज सर्दी झाल्यासारखा, नाकातून. गिटारिस्टनी एकमेकांकडे पाहिलं. मी पण मनातून घाबरलो. ३० हजार!

ड्रमरने काठ्या आपटल्या. वन, टू, थ्री, फोर.

आणि मी होतो. कसं सांगू? तो नाकातला आवाज गिटारांच्या भिंतीत बरोबर एखाद्या विटेसारखा बसला. ड्रमरचा पाय आणि माझं बोट एकाच वेळी पडत होतं आणि ते पहिल्यांदाच मला कळत होतं. व्हॉल्यूम निम्म्यावरच होता. ड्रमर हसायला लागला होता. तो वाजवताना कधी हसत नाही.

दुसऱ्या रिफच्या मध्यात समंजस गिटारिस्टने हात वर केला. सगळे थांबले.

"एक मिनिट," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "तू इथे काय वाजवतोयस?"

"एफ शार्प."

"इथे जी आहे."

"एफ शार्प आहे."

"जी आहे रे. आम्ही दोघं पहिल्या दिवसापासून जी वाजवतोय."

गाणं दीड वर्षापूर्वी बसवलेलं होतं. आम्ही ते ठाण्याला वाजवलं, पवईला वाजवलं, मुलुंडला तर दोनदा. ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि तोंड झाकून खांदे हलवायला लागला. दुसरा गिटारिस्ट म्हणाला, "म्हणजे इतके दिवस..." आणि पुढे बोललाच नाही.

मी वळून हेडकडे पाहिलं. ५०० ची पट्टी जरा खाली घ्यावी असं क्षणभर मनात आलं.

"जी ना?" मी विचारलं.

"जी."

"बरं. सुरुवातीपासून घ्या."